फटफटीची हमी आणि पोळ्याचं तोरण

ऐका हो ऐका! रयत आणि जमीनदार, हुद्देदार आणि बिनहुद्देदार, सर्वांस जाहीर करण्यात येतं की, आज येथे अत्यंत गंभीर अशा एका बाबीचा निकाल लागणार आहे. या बाबीपुढे शिवेचे तंटे, विहिरीच्या वाटण्या आणि दत्तकाचे दावे हे सगळे पोरखेळ समजावेत. बाब अशी, की जिची हमी सरत आली आहे, ती फटफटी दुरुस्तीला न्यायची कुठे?

हसू नका. निजामाच्या राज्यात, मांजरसुंब्यापासून चार कोसांवरच्या आमच्या गावात या प्रश्नानं सगळा श्रावण खाल्ला होता. सोमवारचे उपास राहिले बाजूला, पारावर हाच विषय. आणि ज्याच्या दारात ती फटफटी उभी होती तो मी, वर्षभर एकाच अवस्थेत होतो. कानाच्या पाळ्या गरम आणि नजर पायाच्या अंगठ्यावर. लोक सणाला नवा पोशाख करतात. मला लाजेचा एकच पोशाख वर्षभर पुरला.

मुळात फटफटी मी कमावलेलीच नव्हती. ती मला धोंड्यात मिळाली. माझे सासरे परळी वैजनाथचे, तेलबियांचे मोठे आडते. त्यांना कोणतीही गोष्ट लहान करता येत नसे. अधिक महिन्यात इतरांचे सासरे जावयाला अनारसे आणि निरांजन देतात. आमच्या सासऱ्यांनी अनारसे दिले, निरांजन दिलं, आणि मग दोरीवर टांगलेलं एक धोतर पडद्यासारखं बाजूला सारलं. त्यामागे झेंडूचा हार घातलेली फटफटी उभी होती. पहिली मोठी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या भागात मोटारच मुश्किलीनं दिसायची. हिला तर चाकं दोनच, आणि मागचं चाक फिरायचं ते चामड्याच्या एका लांब पट्ट्यानं. परळीच्या बायकांनी तिची दृष्ट काढली.

"जावईबापू," सासरे सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नगरच्या कारखान्यातनं घेतलीय. एक वर्षाची जमानत हाय. काय बी मोडलं तर तितं फुकट नीट करून देनार. ह्यो शिशाचा शिक्का बगा. परक्याचा हात लागून शिक्का तुटला की जमानत खलास. आन माजी बी एक अट हाय. वर्ष सरताना मी सोता येऊन बगनार. नीट ठिवली आसंल तर तुमची. न्हाईतर धाकल्या जावयाची."

धाकले जावई म्हणजे माझे साडू. मोमिनाबादच्या कचेरीत कारकून. ते माझ्याच शेजारच्या पाटावर अनारसा चावत होते. अट ऐकल्याबरोबर त्यांचं चावणं थांबलं आणि त्यांनी फटफटीकडे पाहिलं. मोमिनाबादच्या घराचं दार तिला पुरेल का, याचं माप ते मनात घेत होते. मी ते पाहिलं, आणि त्या क्षणापासून मला फटफटी जिवापाड हवीशी झाली.

आता वर्षभराचा हिशेब थोडक्यात सांगतो. फटफटीनं मला जितकं वाहिलं, त्याहून जास्त आमच्या बैलांनी तिला वाहिलं. ती पालीच्या ओढ्यात बसली, चढावर बसली, आणि बीडच्या भर आठवडी बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढे बसली. दर वेळी गावाकडे निरोप जायचा, मग बैलजोडी यायची, कासरा बांधला जायचा, आणि मी हँडल धरून मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा मागे मागे यायचो. माझी बायको मोठ्यांसमोर अवाक्षर बोलत नसे. सासू-सासऱ्यांपुढे तिचा पदर डोक्यावर आणि तोंड मिटलेलं असायचं. पण आतल्या खोलीत तिच्या जिभेला धार होती.

"तुमची फटफटी लई मायाळू हाय," ती म्हणायची. "बैलांची आठवन आली की थांबती."

श्रावण लागला आणि ती पंचमीला माहेरी गेली. मागोमाग परळीचा निरोप आला. सासरे पोळ्याला येणार, सोबत लेकीला आणणार, साडूंनाही आणणार. हमी सरायची होती ती पोळ्यानंतर दोनच दिवसांनी. म्हणजे फटफटी पोळ्याला चालायलाच हवी होती. आणि त्या दिवसात तिचा नुसता खोकला चालू होता.

ओसरीवर मसलत बसली. आबा, म्हणजे माझे वडील, बैठकीवर. समोर गावचे लोहारकाका. मी खांबाला टेकून. आई आत चुलीपाशी, म्हणजे या मसलतीत जिला कुणी धरत नव्हतं ती.

आबांनी पंचांग उघडलं आणि पहिल्याच वाक्यात प्रश्न मिटवून टाकला.

"घाई कशाची? फटफटी धोंड्यात दिलीय ना? मग पुन्ना धोंडा आला की वर्ष हुईल. धोंडा हाय आजून दोन सालानं. जमानत तवर चालंल."

"आबा, कंपनी विलायतेची हाय," मी म्हणालो.

"मग? विलायतेत धोंडा न्हाई?"

"न्हाई."

आबांनी पंचांग मिटलं. विलायतेची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कीव आली.

"मग तितल्या जावयांचं कसं रं?"

मग लोहारकाका पुढे सरकले. त्यांनी चिलीम बाजूला ठेवली.

"मालक, नगर कशाला आन बीड कशाला? ह्या घरच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवली ती माज्या आज्यानं. नांगराचा फाळ ठोकून धार लावली ती माज्या बापानं. सुगीला तुमच्या खळ्यावरनं बलुतं घेतो ते कावून? तिच्यात लोखंड हाय का न्हाई?"

"हाय."

"चाक हाय का न्हाई?"

"हाय."

"मग ती माजी. ह्या घरचं चाक दुसऱ्यानं नीट केलं तर मी गावात तोंड कसं दावू?"

या बोलण्यात काडीची चूक नव्हती. आमच्याकडे चाकाला लोहार ठरलेला. तो बदलणं म्हणजे घरचं कुलदैवत बदलण्यासारखं. पण काकांचा उपाय असा होता की तो शिशाचा शिक्का आधी छिन्नीनं काढावा, कारण खडखड त्याचीच येत असणार.

तिसरी वाट बीडची. तिथे पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे मी आधीच विचारायला गेलो होतो. त्यानं फटफटीच्या टाकीला कान लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ वैद्यासारखा मान हलवत राहिला.

"इसकू भूक नै लगती," तो शेवटी म्हणाला. "सील तोडना पडता. अंदर देखे बिगर क्या बोलूं?"

म्हणजे लोहार म्हणे शिक्का काढू, मिस्त्री म्हणे शिक्का तोडू, आबा म्हणत दोन वर्षं काही करू नका. शिक्का गेला तर हमी गेली. हमी शिल्लक असताना गमावली, हे सासऱ्यांना दिसलं की फटफटी मोमिनाबादला गेलीच. मी नगर ठरवलं. लोहारकाका उठले, चिलीम झटकली आणि चालते झाले. दुसऱ्या दिवशी वेशीत समोरून आले तर त्यांनी तोंड फिरवून लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. झाडात पाहण्यासारखं काही नव्हतं.

नगरला ती चालत जाणं शक्य नव्हतं. गाडीवानासकट भाड्याची बैलगाडी घेतली, तिच्यात कडबा अंथरला, फटफटी आडवी घातली, आणि लोकांना दिसू नये म्हणून वरून आईची गोधडी पांघरली. इथेच घात झाला. मांजरसुंब्याला गाड्यांच्या तळावर थांबलो, तर गोधडीखालचा तो लांबट आकार पाहून चिलमी विझल्या. एका म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला.

"कोन गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुनी न्हाई. दवाखान्यात नेतोय," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मग जीव हाय का?"

"कधी असतो, कधी नसतो."

म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी गाडीवानाला घाई केली आणि गाडी पळवली.

निजामाच्या सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गोधडी काढावीच लागली. नाक्यावरच्या मुन्शींनी फटफटीकडे पाहिलं, मग बैलांकडे, मग माझ्याकडे.

"ये क्या है?"

"फटफटी. सवारीची."

"सवारी की? फिर आप इसपे हैं कि ये आपपे?"

नाक्यावरचे सगळे शिपाई हसले. एकानं बैलाला सलाम ठोकला.

नगरच्या कारखान्यात मात्र काम चोख झालं. तिथल्या माणसानं शिक्का तपासला, समाधानानं मान डोलावली, इंजिन साफ केलं, पट्टा नवा घातला. निघताना एवढंच म्हणाला, "पट्टा कोरडा ठेवा. बाकी काही नाही." मी गाडीवानाला भाडं देऊन मोकळं केलं आणि फटफटीवर बसून निघालो. नाक्यावर मुद्दाम वेग वाढवला. मांजरसुंब्याला तो म्हातारा तिथेच बसला होता. मेलेला उठून चालला असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं दोन्ही हात जोडले. त्या दिवशी, वर्षात पहिल्यांदाच, माझे कान थंड होते.

गावात पोहोचलो ती खांदेमळणीची संध्याकाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे कढत पाण्यानं शेकायचे, लोण्याहळदीनं मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. घरोघर तेच चाललं होतं. परळीची मंडळी येऊन टेकली होती. सासऱ्यांनी फटफटीभोवती एक फेरी मारली, शिक्का पाहिला, "हं" म्हणाले. साडूंनी दोन फेऱ्या मारल्या आणि हँडलाची रुंदी वितीनं मोजली. मी आबांना ठणकावून सांगितलं की पट्टा कोरडा ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही. ओसरीवरच्या सगळ्या पुरुषांनी ऐकलं. आई तेव्हा लोण्याचं भांडं घेऊन गोठ्यात होती.

सकाळी पाहिलं तर फटफटीवर झूल होती. आईनं आपल्या जुन्या शालूची शिवलेली, दोन्ही बाजूंनी पार जमिनीपर्यंत. हँडलाला गोंडे. दिव्याला कुंकवाचा टिळा. मला लाज वाटली, पण गोड वाटली, आणि झुलीखाली डोकावून पाहण्याची बुद्धी काही झाली नाही.

आबांचा हट्ट असा की फटफटी पोळ्यात फिरणार. पाटलांनी एका अटीवर कबूल केलं. आवाजानं बैल बुजतात, तेव्हा सगळे बैल वेशीतल्या तोरणाखालून गेल्यावर, सर्वांच्या शेवटी, फटफटी चालू करायची. म्हणून मी ती हातानं ढकलत वेशीपर्यंत आणली आणि वाट पाहत उभा राहिलो. पाटलांची मानाची जोडी गेली. मग बाकीचे. रंगवलेली शिंगं, घुंगुरमाळा, हलग्या. आमची जोडी गेली. सगळ्या गावानं माना वळवल्या. सासरे वेशीच्या ओट्यावर, भरजरी फेट्यात. शेजारी साडू. खाली हाताची घडी घालून लोहारकाका.

मी फटफटी तोरणाखाली ढकलली आणि लाथ मारली. पहिल्याच लाथेला इंजिन सुरू झालं. काय आवाज! मी छाती काढली, सासऱ्यांकडे पाहून मान लववली आणि निघालो.

म्हणजे आवाज निघाला. मी तिथेच होतो.

जोर वाढवला. इंजिन किंचाळलं, धूर आला, गोंडे थरथरले, आणि चाक एखाद्या रुसलेल्या माणसासारखं जागचं हललं नाही. फटफटी पुढे जाईना आणि मी तोरणाच्या बरोबर खाली, गावाच्या आणि सासऱ्यांच्या मधोमध, गर्जना करत उभा. मग एक वास पसरला. गरम, खमंग.

"कुनाच्यात लोनी कढतंय बे?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पुरनाच्या पोळीवरचं तूप हाय ते."

"लवकर सोडा की मग घरी!"

"न्या की नगरला," लोहारकाका शांतपणे म्हणाले.

"काळजी न्हाई, इवाई," आबा सासऱ्यांना ओरडून सांगू लागले, "जमानत आजून दोन सालं हाय!"

तेवढ्यात आमचा डावीकडचा बैल, पुढे गेलेला, मागे फिरला. सरळ चालत आला, झुलीखाली मुंडकं घातलं आणि काहीतरी चाटू लागला. लप लप लप. मी इंजिन बंद केलं. सगळ्या वेशीत आता तेवढाच आवाज. मी झूल उचलली. नगरचा नवा कोरा पट्टा हळदीनं पिवळाधमक आणि लोण्यानं चमकत होता. बैल मोठ्या प्रेमानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ करत होता.

बायकांच्या घोळक्यातून आई पुढे आली. तिच्या मते यात उलगडा करण्यासारखं काही नव्हतंच.

"आवो, तिला येगळे खांदे न्हाईत, मग म्या त्या वादीलाच लावलं," ती म्हणाली. "वरीसभर माज्या लेकाला वाहिलंय तिनं. बैलांचे मळायचे आन तिचे न्हाई, आसं कुटं आसतं व्हय?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं. सगळे सासऱ्यांकडे पाहत होते. सासरे ओट्यावरून उतरले, पट्ट्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"जावईबापू," ते म्हणाले, "ठरलं मग. उद्या धाकल्याकडं."

साडूंच्या तोंडावर अनारशाचा तो दिवस पुन्हा उजाडला. माझे कान पुन्हा तापले. एवढे की वेशीतला दिवा त्यांच्यावर लावता आला असता.

"उद्याचं उद्या," पाटील म्हणाले. "आज ती तोरनाखालनं काढा. दिस कलायला लागलाय."

ती काढायची कशानं? पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काडी ठेवत नाहीत. गावात दीडदोनशे बैल शिंगं रंगवून उभे, आणि एकालाही जुंपता येत नव्हतं. पट्ट्याला लोणी, इंजिन असून नसल्यासारखं, आणि बैलांच्या खुरांनी भुसभुशीत झालेल्या मातीत रुतलेली ती जड फटफटी एकट्याला ढकलवेना. मी लोहारकाकांकडे पाहिलं.

"आमचा तिच्यावर हक न्हाई," ते म्हणाले. "जिची तिनं बगावं. मंजी ज्याची त्यानं."

"मग ती हाय कुनाची?" पाटलांनी विचारलं.

काकांनी डोकं खाजवलं. "ह्यांनी दिली, ह्यांनी घेतली, आन ते उद्या नेनार. तिघांची हाय. तिघांनी लावावा खांदा."

गावाला हा न्याय फार पटला. कासरा आला. मधे सासरे, भरजरी फेट्यात, डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला कचेरीचा कोट घातलेले साडू. आबांनी हँडल धरलं. पहिल्या हिसक्याला सासऱ्यांचा फेटा सुटला आणि शेवटापर्यंत तसाच लोंबत राहिला. लोक दुतर्फा उभे. हलगीवाल्यांना ही मिरवणूकच वाटली, त्यामुळे ते पुन्हा वाजवू लागले. "हुर्र, हुर्र! डाव्या, चल की!" अशा हाका सुरू झाल्या. डाव्या म्हणजे मी. एका बाईनं आम्हां तिघांच्या कपाळाला भराभर गुलाल लावला, चुकून की मुद्दाम ते मला आजवर कळलेलं नाही. साडू रडकुंडीला येऊन एकच विचारत होते, "मामा, मोमिनाबाद हितनं किती कोस पडतं?" सासरे नुसती धाप टाकत होते.

असे आम्ही आमच्या दारात आलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो. हमी दोन दिवसांनी सरली, आबांच्या हिशेबानं मात्र आणखी दोन वर्षं चालली. लोहारकाकांनी पट्टा रिठ्यानं आणि राखेनं धुतला, शिक्का छिन्नीनं काढला, खडखड होती तेवढीच राहिली, आणि फटफटी बलुत्यात बसली. तिला दुरुस्तीला कुठे न्यायचं हा प्रश्न गावात पुन्हा कुणी काढला नाही. बंद पडली तरी काकांची, चालली तरी काकांची. साडूंनी ती मागितली नाही. सासऱ्यांनी ती न्यायचं नाव काढलं नाही. तिच्याकडे पाहिलं की त्यांना ठसका लागायचा आणि ते पाणी मागायचे.

कारण त्या संध्याकाळी, आम्ही तिघं कासऱ्यात, घामानं निथळत, गुलालानं माखून, माना खाली घालून दारात उभे राहिलो, तेव्हा उंबऱ्यावर माझी बायको बैलांना ओवाळायला पुरणाचं ताट आणि निरांजन घेऊन उभी होती. तिनं आधी आपल्या बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मेहुण्याकडे. मोठ्यांसमोर जन्मात न बोललेली ती बाई मागे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या आईला म्हणाली,

"आत्याबाई, ताट तर म्या दोन बैलांचं केलतं, आन हे तर तीन आले की!"